हजेरीपट गावासमोर : रोजगाराच्या निधीवर ग्रामसभेची देखरेख

रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपट हा वरवर पाहता अगदी साधा कागद आहे. गावोगाव त्यास 'मस्टर' याच नावाने ओळखतात. डाव्या हातास मजुरांची नावे, पुढे दिवसांचे रकाने, अखेरीस एकूण दिवस, मजुरीची रक्कम आणि सही अथवा अंगठा. परंतु ग्रामीण भागातील श्रमिकांसाठी शासनाने मंजूर केलेल्या पैशापैकी किती पैसा खरोखर त्यांच्या हाती पडला, याचा पहिला आणि पुष्कळदा अखेरचा पुरावा हाच असतो. हा कागद भरतो कोण, तपासतो कोण, आणि ज्यांची नावे त्यावर आहेत त्यांनी तो कधी पाहिला आहे काय, या प्रश्नांची उत्तरे शोधताना रोजगाराच्या निधीवरील स्थानिक देखरेखीचा संपूर्ण विषयच उलगडू लागतो. पंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांना या कामी काय करता येण्यासारखे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

योजनेची घडण आणि गावाचे स्थान

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राचा ग्रामीण भाग होरपळून निघाला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. खडी फोडणारी कुटुंबे, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि आठवड्याच्या पगाराची वाट पाहणाऱ्या रांगा यांची आठवण जुन्या पिढीत अद्याप ताजी आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना अशी होती की, काम मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीस काम देणे ही शासनाची कृपा नसून जबाबदारी होय. या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे स्वरूप देण्यात आले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. पैशाची सोयही विचारपूर्वक करण्यात आली. १९७५ च्या कायद्यान्वये नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला आणि त्या उत्पन्नाइतकीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावयाची असे ठरले. शहरातील पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी लहानशी रक्कम माळरानावरील मजुराच्या मजुरीसाठी राखून ठेवण्याची ही व्यवस्था होती.

कामे मात्र करीत असत शासनाची खाती : पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम, कृषी आणि वन. सूत्रे जिल्हाधिकारी व तहसीलदार यांच्या हाती होती. वरून देखरेख करण्यासाठी विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती होती. ती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत असे आणि तिच्या दौऱ्याची वार्ता येताच अनेक कामांवरील सावलीचे मांडव व पाण्याचे माठ एकाएकी दिसू लागत. या समितीचे कार्य मोलाचे होते, यात शंका नाही. तथापि वर्षाकाठी एखादे वेळी येणाऱ्या पाहुण्याची देखरेख आणि रोज त्याच बांधावरून जाणाऱ्या गावकऱ्याची देखरेख यांत फरक राहणारच. गावाने मजूर पुरवावेत, जमीन द्यावी, आणि हिशेब मात्र तालुक्याच्या गावी राहावा, असा प्रकार दीर्घ काळ चालला.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, ग्रामसभेस घटनात्मक स्थान मिळाले. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत झाला आणि महाराष्ट्रातील अनुभवाचे अनेक धागे त्यात विणले गेले. या कायद्याने किमतीच्या दृष्टीने निदान निम्मी कामे ग्रामपंचायतीमार्फत करण्याचे बंधन घातले आणि कलम १७ अन्वये ग्रामसभेवर दोन स्पष्ट जबाबदाऱ्या सोपविल्या. एक, पंचायतीच्या हद्दीतील कामांवर देखरेख करणे. दुसरी, त्या कामांचे नियमित सामाजिक अंकेक्षण करणे. त्यासाठी हजेरीपट, बिले, प्रमाणके, मोजमाप पुस्तिका आणि मंजुरीचे आदेश ग्रामसभेपुढे ठेवणे ग्रामपंचायतीस बंधनकारक करण्यात आले.

ग्रामपंचायत आणि ग्रामसभा

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. बोलण्याच्या ओघात आपण 'पंचायतीची देखरेख' असे सहज म्हणून जातो. परंतु निम्मी कामे ग्रामपंचायतच करीत असेल, तर त्या कामांपुरती ती देखरेख करणारी संस्था राहत नाही, ती अंमलबजावणी करणारी यंत्रणा ठरते. ज्याने काम केले त्यानेच ते तपासले, तर तपासणीस अर्थ उरत नाही. यास्तव कायद्याने देखरेख सोपविली ती ग्रामपंचायतीकडे नव्हे, तर ग्रामसभेकडे, म्हणजे गावातील सर्व मतदारांच्या सभेकडे. सामाजिक अंकेक्षणासंबंधी २०११ मध्ये झालेल्या नियमांत तर, अंमलबजावणी यंत्रणेने या कामात कोणत्याही वेळी हस्तक्षेप करू नये, असेच म्हटले आहे. सरपंचांनी याचा विषाद मानण्याचे कारण नाही. हिशेब उघड्यावर मांडणाऱ्या सरपंचावर मागाहून बालंट येण्याचा संभव कमी होतो, हा अनुभव अनेक ठिकाणी आला आहे.

अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६ चा पंचायत विस्तार कायदा याही पुढे गेला. पंचायतीने योजनांवर खर्च केलेल्या निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावे, असे त्यात नमूद आहे. एरवी विनियोग प्रमाणपत्र म्हटले की कार्यालयाने कार्यालयास दिलेला कागद आपल्या डोळ्यांसमोर येतो. येथे ते गावाने द्यावयाचे आहे. या तरतुदीचा अर्थ आपल्या कर्मचाऱ्यांस अद्याप पुरता उमगलेला दिसत नाही.

मापात काय दडलेले असते

हजेरीपटाचा दुसरा जोडीदार म्हणजे मोजमाप पुस्तिका. पुष्कळ पंचायत सदस्य मस्टरकडे डोळे लावून बसतात आणि मापाच्या वहीकडे, ती अभियंत्याची बाब समजून, दुर्लक्ष करतात. वस्तुतः मातीकामात मजुरी हजेरीवर नव्हे तर झालेल्या कामाच्या मापावर ठरते. म्हणून हा भाग थोडा विस्ताराने सांगणे इष्ट वाटते.

समजा, एका जोडीने ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा खड्डा खोदला. माती निघाली २.७ घनमीटर. आता माप घेताना खोली ३० ऐवजी २५ सेंटिमीटर लिहिली गेली, तर काम दिसेल २.२५ घनमीटर. फरक दोन बोटांचा, पण मजुरीतून सहावा हिस्सा गेला. सहा दिवस घाम गाळावा आणि पाच दिवसांचे दाम घेऊन घरी जावे, असा हा हिशेब आहे. असे दरवेळी हेतुपुरस्सर घडते असे नव्हे. माप घेणारा आठ-दहा दिवस उशिरा आला, मधल्या काळात पाऊस पडून खड्ड्यात गाळ बसला, कडा ढासळल्या, आणि त्याने जे दिसले ते लिहिले. दोष कोणाचाही नाही, तोटा मात्र मजुराचा.

यावर जुन्या जाणत्या मुकादमांपाशी एक साधा उपाय आहे. खोदताना खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक लहानसा उंचवटा तसाच राखून ठेवतात. माप झाल्यावर तो काढून टाकतात. खोली किती होती याची साक्ष तो मातीचा खुंटच देतो. देखरेख समितीच्या सदस्याने कामावर जाऊन दुसरे काही पाहिले नाही, तरी हा खुंट राखला आहे ना, एवढे जरूर पाहावे.

दुसरी बाब जमिनीच्या प्रतीची. मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम आणि खडक यांचे दर वेगवेगळे असतात. कठीण मुरमाची नोंद मातीत झाली, तर मजुराने पहार मारून मारून हातास फोड आणावेत आणि दर मात्र कुदळीचा मिळावा, अशी अवस्था होते. उलट, बोगस नावे भरली असतील तेथे मातीची नोंद खडकात होते, कारण वाढीव हजेरीस वाढीव कामाचा आधार लागतो. जमीन मुरमाड की खडकाळ, हे ठरविण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. त्या शिवारात नांगर धरणारा कोणीही ते सांगू शकतो. म्हणूनच मापाची वही गावासमोर वाचली गेली पाहिजे, आणि आकडे घनमीटरमध्ये न सांगता लांबी, रुंदी, खोली आणि जमिनीची प्रत या शब्दांत सांगितले गेले पाहिजेत.

वाचनाची परंपरा

हजेरीपट चारचौघांत वाचण्याच्या पद्धतीस देशात एक उज्ज्वल इतिहास आहे. राजस्थानातील भीम येथे १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना झाली. या संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. पंचायतीच्या कामांची कागदपत्रे, बिले आणि मस्टर गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचण्यात आले. त्या परिसरातील अशा सभांमधून, कामावर कधीच न गेलेल्यांची नावे आणि कागदावरच पुरी झालेली कामे उघडकीस आली. निरक्षर माणसास हिशेब कळत नाही, हा समज या सभांनी खोटा ठरविला. कागद वाचून दाखविला की त्यातील खरेखोटे तो तत्काळ सांगतो, कारण त्या कामावर तो स्वतः उभा होता. १९९६ मध्ये ब्यावर येथे कागदपत्रांच्या प्रतींसाठी ४० दिवस धरणे झाले. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याकडे नेणाऱ्या वाटेची एक सुरुवात येथे आहे. आपल्या राज्याने तत्पूर्वीच, २००२ मध्ये, स्वतःचा माहितीचा अधिकार कायदा केला होता.

या संदर्भात एक प्रसंग नमूद करावासा वाटतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी कार्यालयीन कामानिमित्त मराठवाड्यातील एका लहान गावच्या ग्रामसभेस मी उपस्थित होतो. शाळेच्या पटांगणात सभा भरली होती. विषयपत्रिकेवर 'रोजगार हमी कामांचे वाचन व मंजुरी' असा विषय होता आणि तो नेहमीप्रमाणे अर्ध्या मिनिटात संपण्याच्या बेतात होता. इतक्यात एक ज्येष्ठ शिक्षक उठले आणि म्हणाले, "वाचन म्हटलंय, तर वाचूनच टाकू." त्यांनी मस्टर हाती घेतले. सात-आठ नावे झाली. एका बाईंचे नाव व पुढे १२ दिवस असे वाचले जाताच त्या मागून बोलल्या, "गुरुजी, ह्ये बारा कुणाचे? म्या तर सहाच दिवस व्हते. मंग लेकीच्या बाळंतपणाला गेले."

सभेत कुजबुज सुरू झाली. खरे सांगावयाचे तर माझ्या टिपणवहीत 'गैरव्यवहार' हा शब्द तेव्हाच लिहिला गेला होता. मस्टर पुन्हा पाहण्यात आले. त्याच नावाची, त्याच आडनावाची दुसरी एक बाई वस्तीवर राहत होती. तिचे सहा दिवस पहिलीच्या ओळीत मिळविले गेले होते आणि तिची स्वतःची ओळ कोरी होती. ती सभेतच बसली होती. आपली मजुरी नंतर येईल अशा समजुतीने ती गप्प राहिली होती. मजुरीचे वाटप अद्याप व्हावयाचे असल्यामुळे दुरुस्ती तेथल्या तेथे झाली. त्या दिवशी कोणी चोर सापडला नाही, परंतु एका कुटुंबाचे सहा दिवस वाचले. मी परत येऊन वार्तापत्र पाठविले ते 'ग्रामसभा उत्साहात संपन्न' असे. त्यात या घटनेचा उल्लेखही नव्हता. आम्हा माहिती खात्याच्या मंडळींस कोणती बातमी आहे आणि कोणती नाही हे ओळखण्यास कधीकधी फार वर्षे लागतात.

कामाची निवड हीही देखरेखच

पैसा योग्य माणसास मिळाला, एवढ्याने देखरेख पुरी होत नाही. त्या पैशातून गावात उभे काय राहिले, हाही प्रश्न आहे. दुष्काळी कामांतून झालेल्या कित्येक तलावांच्या जागा गावास न विचारता ठरल्या. मजुरी मिळाली, पण पाणी ठरले नाही.

याउलट हिवरे बाजारचे उदाहरण सर्वपरिचित आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यातील. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेत या गावाची निवड झाली. रोजगार हमीसह विविध योजनांचा निधी गावाने डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने पाणलोटाच्या कामांवर लावला : समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवरील बंधारे, वृक्षलागवड. योजना कोणतीही असो, आराखडा गावाचा, असा हा प्रकार होता. या कथेतील पाण्याचा भाग पुष्कळ सांगितला जातो. मला त्यातील ग्रामसभेचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. चर खोदून झाल्यावर निधी संपला, पण गावाची देखरेख संपली नाही. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेने पाळावयास लावली. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास आणि ऊस, केळी यांसारख्या पिकांस मनाई केली. पावसाचे माप घेऊन दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडण्याची प्रथा सुरू केली. मजुरीवर झालेला खर्च एकदाचा. त्यातून आलेले पाणी मात्र दरवर्षी वाटून घ्यावयाचे असते, आणि ते कोण किती उपसतो हे पाहण्यास कोणतेही खाते पुरे पडणार नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावी दुसरा एक धडा मिळतो. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेखेरीज एक स्वतंत्र अभ्यासगट असतो. विषय आधी समजून घ्यावयाचा, मग ठरवावयाचा, अशी रीत. मापाची वही वाचण्यासाठी असा चार-सहा जणांचा गट कोणत्याही गावास बनविता येईल. त्यात एक शिक्षक, एक जाणता मजूर, बचत गटातील दोन महिला आणि एखादा शिकलेला तरुण असला म्हणजे पुरे.

यंत्र आले, डोळे हवेतच

अलीकडे मजुरी थेट बँक खात्यात जमा होऊ लागली आणि हजेरीही भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेऊन नोंदविण्यात येऊ लागली. जानेवारी २०२३ पासून ही पद्धत देशभर सार्वत्रिक करण्यात आली. मुकादमाच्या हातून रोख पैसे वाटण्याच्या काळातील अनेक वाटा त्यामुळे बंद झाल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांच्या निदर्शनास आणले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे आणि छायाचित्रांचीच पुन्हा घेतलेली छायाचित्रे नोंदविली जात आहेत. उपाय म्हणून पडताळणी सांगण्यात आली, ती ग्रामपंचायत पातळीपासून. म्हणजे यंत्राने घेतलेली हजेरी खरी की खोटी हे पाहण्यास पुन्हा त्या मजुरांना ओळखणारा माणूसच लागला. आणखी एक अडचण अशी की, कागदी मस्टर कामावर असे, ते मजूर मागून पाहू शकत असे. आताची नोंद पडद्यावर असते. तिची छापील प्रत काढून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, हे काम क्षुल्लक वाटले तरी टाळू नये.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात वर्षाकाठी १०० ऐवजी १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी आहे, केंद्र व राज्य यांच्यातील खर्चाची विभागणी बदलली आहे, आणि सामाजिक अंकेक्षणाची तरतूदही आहे. राज्याचा वाटा वाढला म्हणजे राज्याच्या, पर्यायाने करदात्यांच्या, पैशाविषयी गावाने विचारावयाचे प्रश्नही वाढतात.

सभा कशी घ्यावी

आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा परिपाठ आहे. त्यापूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. रोजगाराच्या कामांवर स्त्रियांची संख्या मोठी असल्याने मस्टरचे पहिले वाचन महिला सभेतच करावे. तेथे त्या मोकळेपणाने बोलतात. मुख्य सभेत पुरुष पुढे बसले की मागून आवाज येणे कठीण होते.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती आवश्यक आहे. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट राहत नाही. ही सवलत कामकाज अडू नये म्हणून आहे. काही ठिकाणी मात्र पहिली सभा तहकूब व्हावी अशीच तजवीज केली जाते आणि दुसऱ्या सभेत दहा-बारा माणसांत सर्व हिशेब मंजूर होतात. गटविकास अधिकाऱ्यांनी इतिवृत्त तपासताना ठराव किती झाले हे मोजण्यापेक्षा, कोणत्या गावची सभा वारंवार तहकूब होते, याची यादी करावी. सभेची वेळही पाहावी. मजूर कामावर असताना दुपारी अकरा वाजता घेतलेल्या सभेत मजुरांच्या हिशेबाचे वाचन म्हणजे रिकाम्या वर्गात हजेरी घेण्यासारखे आहे. सायंकाळी, काम सुटल्यावर सभा घेण्यास कोणतीही आडकाठी नाही.

वाचनाचे काम शक्यतो शिक्षकाकडे द्यावे. त्याचा आवाज गावास परिचित असतो आणि बहुधा तो कामाच्या व्यवहारात गुंतलेला नसतो. त्याने आधी कामाचे नाव, ठिकाण व मंजूर रक्कम सांगावी. नंतर प्रत्येक मजुराचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि वस्ती सांगून दिवस व रक्कम वाचावी. नामसाम्याची चूक येथेच पकडता येते. प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबावे. हरकत आली तर ती हरकत घेणाऱ्याच्या शब्दांत इतिवृत्तात उतरवून घ्यावी आणि उत्तर केव्हा मिळेल तो दिनांक त्याच ओळीत लिहावा. पुढील सभेचे कामकाज त्या दिनांकापासून सुरू करावे.